शिकायला वय लागत नाही, सोबत लागते

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषणाचे शब्दांकन)



रौप्यमहोत्सवाचा कार्यक्रम ठरला तेव्हा सचिव साहेब घरी आले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिक्षणावर दोन शब्द बोला." मी विचारलं, "दोनच ना?" ते म्हणाले, "तुम्ही मास्तरीण आहात, दोनावर थांबणार नाही हे आम्हांले माहीत आहे." तेव्हा थोडं सांभाळून घ्या. मुलांनी चुळबुळ केली तरी चालेल, जेवणाचा वास मलाही येतो आहे.

मी हायस्कूलमध्ये शिकवलं आणि काही वर्षं रविवारी एका अभ्यासकेंद्रावर मुक्त विद्यापीठाची समंत्रक म्हणूनही काम केलं. समंत्रक म्हणजे तिथला शिक्षकच, फक्त त्याच्या समोर बसलेले विद्यार्थी कधी कधी त्याच्याहून मोठे असतात. त्यामुळे आज मी लहान मुलांच्या शिक्षणावर बोलणार नाही. त्यांच्यासाठी ट्यूशन आहे, व्हॅन आहे, आई-बाबा आहेत. मला बोलायचं आहे ते ज्यांची शाळा मधेच सुटली आणि ज्यांना मोठेपणी पुन्हा शिकावंसं वाटतं त्यांच्याबद्दल. आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल : ही माणसं दहावी-बारावी होतात, पण कॉलेजच्या दारापर्यंत का पोहोचत नाहीत, आणि आपल्यासारख्या सोसायटीने त्यात काय करावं.

अशी माणसं शोधायला लांब जायला नको. आपल्याच लेआउटमध्ये सातवीनंतर किंवा दहावी नापास झाल्यावर लग्न झालेल्या किती वहिनी आहेत, हे त्यांच्या मुलांनाही माहीत नसेल. आपल्या घरी धुणं-भांडी, पोळ्या करायला येणाऱ्या बाया आहेत. तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती उचलणारी पोरं आहेत. चिखला आणि डोंगरी बुजरुकच्या मँगनीज खाणींकडे ठेकेदाराच्या कामावर जाणारे आहेत. यातल्या पुष्कळांना लिहिता-वाचता येतं. मोबाइलवरचा मेसेज वाचतात, बचतगटाचा हिशेब ठेवतात. अडलं आहे ते पुढे.

आता थोडा इतिहास सांगते. मास्तरीण आहे, सोडणार कशी?

मोठ्या माणसांना शिकवण्याचं काम महाराष्ट्रात नवं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. गाव साक्षर झालं की तिथे ग्रामगौरव समारंभ व्हायचा. २ ऑक्टोबर १९७८ ला देशभर प्रौढशिक्षणाचा कार्यक्रम आला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, आणि आता २०२२ पासून 'उल्लास' नावाने नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून साठीच्या पुढच्या आज्या शाळेत जाऊ लागल्या. ते फोटो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील.

हे सगळं मोलाचं आहे. फांगण्याच्या आजीला सही करता आली, पोथी वाचता आली, तिची इच्छा पूर्ण झाली. तिला कॉलेजला पाठवायचा आग्रह कोणी धरू नये. पण तीस वर्षांच्या बाईचं तसं नाही. तिच्यापुढे अजून तीस वर्षांचं काम करायचं वय आहे. तिला अक्षरं आली म्हणून सत्कार करून आपण घरी गेलो, तर ती एका पायरीवर उभी राहते आणि वर चढायचा जिना तिला कोणी दाखवत नाही.

वरचा जिना ज्यांनी बांधला, त्यांची तीन उदाहरणं मी देते. तिन्हींमध्ये एक गोष्ट सारखी आहे, ती लक्षात ठेवा.

पहिलं उदाहरण रमाबाई रानड्यांचं. अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या सासरी आल्या आणि लिहिणं-वाचणं तिथे शिकल्या, घरातल्या बायकांचे टोमणे सोसून. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं, त्याच्या त्या अध्यक्षा. तिथे मोठ्या वयाच्या बायकांचे वर्ग चालत. त्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, संसार सांभाळून येणाऱ्याही होत्या. पण सेवासदन नुसते वर्ग घेऊन थांबलं नाही. ससून हॉस्पिटलशी त्यांनी संधान बांधलं. सेवासदनने बायकांना तयार करायचं, त्यांच्या राहण्याची काळजी घ्यायची, आणि ससूनमध्ये त्यांनी नर्सिंगचं शिक्षण घ्यायचं. विचार करा, त्या काळातल्या विधवा बाईला एकटीने ससूनच्या दारात जाऊन "मला शिकायचं आहे" म्हणता आलं असतं का? मधे उभं राहणारं कोणीतरी होतं, म्हणून ती आत गेली.

दुसरं उदाहरण दुर्गाबाई देशमुखांचं. त्या मूळच्या आंध्रच्या, पण १९५३ मध्ये त्यांनी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुखांशी लग्न केलं, म्हणजे आपल्या सूनबाईच. दुर्गाबाईंची शाळा लहानपणी सुटली होती. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवास झाला. नंतर त्यांनी घरी अभ्यास करून बनारसची मॅट्रिक दिली, पुढे पदवी घेतली, वकील झाल्या, संविधान सभेत बसल्या. केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. त्या मंडळाने १९५८ मध्ये मोठ्या बायकांसाठी 'कंडेन्स्ड कोर्स' सुरू केले. शाळेचा बऱ्याच वर्षांचा अभ्यास थोड्या काळात करवून घ्यायचा आणि परीक्षेला बसवायचं. वर्ग गावोगावच्या स्थानिक संस्थांनी चालवायचे, पैसे मंडळाने द्यायचे. या बायकांना पुढे नर्स, ग्रामसेविका, शिक्षिका होण्याच्या प्रशिक्षणाला जाता यावं, हा हिशेब सुरुवातीपासून मनात होता.

तिसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. १ जुलै १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. या विद्यापीठाने गावोगावी नव्या इमारती बांधल्या नाहीत. असलेल्या कॉलेजांमध्ये, शाळांमध्ये, संस्थांमध्ये अभ्यासकेंद्रं उघडली. सोमवार ते शनिवार ज्या वर्गात नेहमीची मुलं बसतात, त्याच वर्गात रविवारी दुकानात काम करणारा, पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका येऊन बसते. पुस्तकं मराठीत, संपर्कसत्र सुटीच्या दिवशी. माझ्या एका संपर्कसत्रात पहिल्या बाकावर सासू आणि तिसऱ्या बाकावर सून होती. सून मुद्दाम मागे बसायची, कारण सासूबाईंना उत्तर आलं नाही तर त्यांना अवघड वाटू नये.

तिन्हींमध्ये सारखं काय, ते आता सांगते. शिकवणारा एक, पुढचं दार दुसऱ्याचं, आणि दोघांनी आधीच बोलून ठेवलेलं. विद्यार्थ्याने एकटं चाचपडत जायचं नाही. आजच्या भाषेत याला भागीदारी म्हणतात. आपल्याकडे साधा शब्द आहे, सोबत.

आता आपल्या तुमसरची गोष्ट. गेली काही वर्षं माझ्या व्हरांड्यात संध्याकाळी चार-दोन बाया शिकायला येतात. मी त्यांच्याकडून जे पाहिलं ते सांगते, कारण मला वाटायचं की या बाया अभ्यासाला घाबरत असतील. तसं काही नाही. त्या घाबरतात खिडकीला.

कसली खिडकी? ऑफिसची. एका बाईने सतरा नंबरचा फॉर्म भरून, खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी पास केली. पोळ्या लाटून झाल्यावर रात्री अकरा वाजता गणितं सोडवायची. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आली. मी म्हटलं, "आता बारावी, मग कॉलेज." ती म्हणाली, "मले जमन का जी मॅडम? तिथं मले काही विचारलं त मी काय सांगू?" गणित जमलं, इंग्रजी जमलं, आणि खिडकीवरचा माणूस काय विचारेल याची भीती. तुम्हांला हसू येईल, पण बँकेत पहिल्यांदा गेलो तेव्हा आपणही असेच चार वेळा स्लिप तपासत होतो.

त्या खिडकीवर काय काय अडतं, त्याची यादीच करा.

पहिली अडचण नावाची. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरमध्ये माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेच्या पासबुकात तिसरंच काहीतरी. मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव बदला. दुसरी अडचण शाळा सोडल्याच्या दाखल्याची. तो माहेरच्या गावच्या शाळेत, आणि माहेर कधी बालाघाटकडे, कधी गोंदियाकडे. तिसरी, मधल्या वर्षांची. इतकी वर्षं शिक्षण का बंद होतं, त्याचं गॅप सर्टिफिकेट मागतात. चौथी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज. पाचवी, मोबाइलची. ओटीपी येतो तो नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा असतो कामावर. यातली एकही अडचण बुद्धीची नाही. पण पाचही मिळून एखाद्या हुशार बाईला घरी बसवायला पुरेशा आहेत.

दुसरी गोष्ट वेळेची. सतरा नंबरच्या फॉर्मने बारावीला बसायचं तर दहावी पास होऊन दोन वर्षं झालेली लागतात. नेहमीच्या मुलांना अकरावी-बारावीची दोन वर्षं लागतातच, म्हणून नियम म्हणून तो बरोबर आहे. पण नेहमीचं मूल त्या दोन वर्षांत रोज कॉलेजला जातं. आपली बाई त्या दोन वर्षांत कुठे जाते? कुठेच नाही. पुस्तक बाजूला पडतं, कोणी आजारी होतं, कोणाचं लग्न निघतं, आणि मार्कशीट पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली जाते. धागा तुटतो तो तिथे. म्हणून मी म्हणते की दहावीच्या वर्गापेक्षाही या दोन वर्षांत वर्ग चालू ठेवणं जास्त गरजेचं आहे. त्या काळात कॉम्प्युटरचा एमएस-सीआयटी कोर्स करा, इंग्रजीचं वाचन करा, बारावीचे विषय हळूहळू सुरू करा, पण आठवड्यातून दोनदा एकत्र बसा.

ज्यांना एकदम सगळे विषय झेपत नाहीत त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, ज्याला एनआयओएस म्हणतात. तिथे एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षं मुदत असते, त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि जमतील तसे एक-एक, दोन-दोन विषय सोडवता येतात. ते प्रमाणपत्र कॉलेजला चालतं. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. पाचवी, आठवी, दहावी, बारावी या चार टप्प्यांवर तिथे परीक्षा देता येते. मुक्त विद्यापीठात पूर्वी बारावी नसलेल्यांना पूर्वतयारी परीक्षा देऊन पदवीला जाता येत असे. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी तसं केलं. पण दूरशिक्षणाचे नियम बदलत असतात, त्यामुळे दर वर्षीची माहितीपुस्तिका पाहूनच ठरवावं. माझा सल्ला विचाराल तर दहावी-बारावीचा रस्ता धरा, कारण नोकरीच्या जाहिरातीत ती प्रमाणपत्रं वेगळी विचारतात.

तिसरी गोष्ट आपल्या भागाची, आणि ही मुंबई-पुण्याला बसून कळत नाही. आपला जिल्हा धानाचा. कॉलेजचे प्रवेश जून-जुलैला चालतात, आणि तेव्हाच रोवणी. रोवणीची मजुरी सोडून बाई फॉर्म भरायला येईल का? बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला, आणि मार्च-एप्रिलला जंगलाकडच्या गावांत मोहफुलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला एनआयओएसची परीक्षा, आणि तेव्हाच धानाची कापणी. म्हणजे ज्या दिवशी दार उघडतं, नेमकी त्याच दिवशी ती शेतात असते. यावर उपाय एकच, फॉर्मची तयारी रोवणीच्या आधी, मे महिन्यातच पूर्ण करून ठेवायची. कागदपत्रांची फाइल तयार असली की रोवणीच्या दिवसांत फक्त सही राहते. हे काम तिने एकटीने करायचं नाही. आपण करायचं.

मुंबईतलं एक उदाहरण द्यावंसं वाटतं. तिथल्या रात्रशाळांबरोबर 'मासूम' नावाची संस्था २००८ पासून काम करते. त्यांनी पाहिलं की दिवसभर काम करून पोरगा रात्री वर्गात येतो तो उपाशी येतो. उपाशी पोटी भूमिती कशी शिरणार? म्हणून त्यांनी खाण्याची सोय केली. प्रयोगशाळा नव्हती, तर गाडीतून विज्ञानाचं साहित्य नेलं. आणि दहावीनंतर पुढे काय, याचं मार्गदर्शन सुरू केलं. शाळा त्यांची नाही, शिक्षक त्यांचे नाहीत. शाळा होती तिथेच राहिली, मधे जे कमी होतं ते त्यांनी भरलं.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, हे सगळं संस्थांचं आणि सरकारचं काम. आपली गृहनिर्माण संस्था. आपण नाल्या, रस्ते, पाण्याची टाकी आणि मेंटेनन्स बघावा.

यावर मी सहकाराची गोष्ट सांगते. सहकाराची सुरुवात जिथून मानतात त्या इंग्लंडच्या रॉचडेल गावी १८४४ मध्ये २८ जणांनी मिळून दुकान काढलं. त्यांत विणकर बरेच होते. पीठ, लोणी, साखर विकायचं दुकान. पण थोड्याच वर्षांत त्यांनी दुकानाच्या वर वाचनालय चालवलं आणि नफ्यातला शेकडा अडीच भाग शिक्षणासाठी बाजूला काढला. किराणा दुकानाला वाचनालयाची काय गरज होती? त्यांना कळलं होतं की अडाणी सभासदाचा सहकार टिकत नाही. आज जगभर सहकाराची जी सात तत्त्वं मानली जातात, त्यातलं पाचवं शिक्षणाचं आणि सातवं आजूबाजूच्या समाजाची काळजी घेण्याचं आहे. म्हणजे मी आज जे मागते आहे ते आपल्या कामाबाहेरचं नाही.

आणि मागते काय? आपल्या सभागृहाच्या मागे जी खोली आहे, तिचा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आहे. ती गोदामासाठी भाड्याने द्यावी असा एक प्रस्ताव आहे, आणि तो मांडणारे सभासद संस्थेच्या भल्यासाठीच बोलत आहेत. भाडं आलं तर मेंटेनन्स थोडा कमी होईल. मला पेन्शन आहे, मी शंभर रुपये जास्त देऊ शकते, पण प्रत्येकाला ते सोपं नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून मी पूर्ण खोली कायमची मागत नाही. मी एक वर्ष मागते. आठवड्यातले चार दिवस, संध्याकाळी सात ते साडेआठ. वीज बिलाचा वेगळा हिशेब ठेवू. वर्षाच्या शेवटी सभेपुढे अहवाल ठेवू : किती जण आले, किती फॉर्म भरले गेले, किती जण कॉलेजच्या किंवा अभ्यासकेंद्राच्या यादीत लागले. आकडा समाधानकारक नसेल तर खोली खुशाल भाड्याने द्या, मी स्वतः ठरावाला अनुमोदन देईन.

या वर्षात कोणी काय करायचं, तेही मी मांडून ठेवलं आहे.

आपल्या सोसायटीने खोली द्यावी, एक टेबल आणि एक जुना पण चालू कॉम्प्युटर द्यावा. ज्यांना फोन-ऑनलाइनची सवय आहे अशा दोन तरुण सभासदांनी महिन्यातून एकदा फॉर्मसाठी बसावं. आपल्यात तहसील आणि बँकेतून निवृत्त झालेले तीन काका आहेत. नावाची दुरुस्ती, प्रतिज्ञापत्र, दाखले ही त्यांच्या डाव्या हाताची कामं आहेत. काकांनो, सकाळचं फिरणं झाल्यावर तुम्ही पारावर बसून राजकारण सुधारता, त्यातला एक तास इकडे द्या.

शाळेशी बोलायचं ते सतरा नंबरच्या फॉर्मसाठी. त्याची मुदत शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच असते, जानेवारीत धावून उपयोग नाही. खाजगी विद्यार्थ्याला एखादी शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून मिळतं. तिथल्या शिक्षकांशी आधी ओळख करून ठेवली तर विद्यार्थिनीला परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा तो फाटक बघायची वेळ येत नाही.

कॉलेजशी बोलायचं ते दोन गोष्टींसाठी. आपल्या गावात कॉलेज आहे, ही केवढी सोय आहे! लहान लहान गावांतली पोरं एसटीने इथे शिकायला येतात. आपण कॉलेजला विनंती करू की बारावीच्या परीक्षेआधीच या बायांना आणि पोरांना एक दिवस कॉलेज दाखवा. ग्रंथालय कुठे, ऑफिस कुठे, खिडकी कोणती, आणि खिडकीच्या मागे बसलेला माणूस आपल्यासारखाच डबा घेऊन आलेला असतो, हे त्यांना दिसू द्या. दुसरं, एक प्राध्यापक आणि एक पुढच्या वर्षाचा विद्यार्थी असा असावा, ज्याचं नाव यांना माहीत आहे. पहिल्या वर्षाला गळती होते ती पहिल्या काही महिन्यांत. काही समजलं नाही तर कोणाला विचारायचं हे माहीत असलं, की माणूस टिकतो.

आणि काम देणाऱ्यांशी बोलायचं. म्हणजे आपल्याशीच. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईची परीक्षा असेल त्या दिवसांचा पगार कापू नका. मिलवाल्या सभासदांनी आपल्या पोरांना पेपरच्या दिवशी पाळी बदलून द्यावी. याला पैसे लागत नाहीत, एवढं म्हणावं लागतं : "जा, पेपर दे, आज तुझं काम मी बघतो."

एक शंका हमखास निघते. पदवी घेऊन काय होणार, नोकऱ्या कुठे आहेत? खरं आहे, पदवी म्हणजे नोकरीची चिठ्ठी नव्हे, आणि मी कोणालाही तसं खोटं सांगत नाही. पण पायरी नसली तर रांगेतही उभं राहता येत नाही. अंगणवाडीत सेविका व्हायचं तर आता बारावी लागते. मुख्यसेविकेच्या सरळ भरतीला पदवी लागते. एमपीएससीच्या राज्यसेवेला कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते, मुक्त विद्यापीठाचीही. आणि नोकरी बाजूला ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईला मी विचारलं, तुला बी. ए. कशाला करायचं आहे? ती म्हणाली, "मॅडम, पोरीच्या शाळेत पालकाचं शिक्षण असा रकाना असते. दर वर्षी मी तो कोरा ठेवतो." आपल्याकडे बायका 'ठेवतो, जातो' असंच बोलतात. त्या एका रकान्यासाठी ती सहा वर्षं लावायला तयार आहे. तिला मी नोकरीचं गणित काय सांगू?

ती बाई सध्या त्या दोन वर्षांच्या मधल्या रस्त्यावर आहे. दहावी झाली, बारावीला अजून अवकाश आहे. माझा व्हरांडा पावसाळ्यात गळतो, आणि माझे गुडघे आता फार काळ खाली बसू देत नाहीत. मी किती वर्षं पुरणार? एका माणसाच्या व्हरांड्यावर चालणारं काम त्या माणसाबरोबर संपतं. संस्थेचं काम संस्थेबरोबर चालतं, कारण तिथे एक सचिव गेला की दुसरा येतो, आणि इतिवृत्ताची वही तीच राहते. सहकाराचा खरा फायदा हाच आहे, आणि या पंचवीस वर्षांत आपण तो अनुभवला आहे. रिकाम्या प्लॉटवर बाभळी होत्या तेव्हा कोणा एकट्याला इथे पाण्याची टाकी बांधता आली नसती. सगळ्यांनी हप्ते भरले म्हणून ती उभी राहिली. आज नळ सुरू करताना आपल्याला त्याची आठवणही होत नाही.

तसंच हे काम व्हावं अशी माझी इच्छा आहे. कोणाला त्याचं कौतुक वाटू नये इतकं ते नेहमीचं व्हावं. मे महिना आला की फाइली तयार, जूनला फॉर्म, रविवारी संपर्कसत्र, आणि निकाल लागला की पुढच्या दाराशी कोणीतरी उभं आहे.

वार्षिक सभेची तारीख नोटीस बोर्डावर लागेल. विषयपत्रिकेत खोलीचा विषय शेवटी असतो आणि तोपर्यंत अर्धे सभासद चहा घेऊन घरी गेलेले असतात. या वेळी कृपा करून शेवटपर्यंत थांबा. विरोधात मत द्यायचं असेल तरी थांबून द्या. आणि ज्यांना शिकवायला, फॉर्म भरायला, नुसतं ऑफिसपर्यंत सोबत जायला वेळ देता येईल, त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे नाव लिहून द्यावं. मी वही आणि पेन घेऊनच आले आहे.

 

जय हिंद! जय महाराष्ट्र! जय सहकार!